घरचा अंत्यविधी आणि साधे दफन : बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी

घरचा अंत्यविधी म्हणजे मृत्यूनंतर देहाचे सगळे काम घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी करणे : अंघोळ घालणे, कपडे बदलणे, रात्र काढायची असेल तर सोबत बसणे, तिरडी बांधणे, खांदा देणे. साधे दफन म्हणजे रसायन न टोचलेला देह सुती कापडात गुंडाळून, पेटीविना आणि सिमेंटविना, थेट मातीत ठेवणे. युरोप-अमेरिकेत गेल्या शतकात ही कामे व्यावसायिकांच्या हाती गेली आणि ती परत घरात आणण्यासाठी तिथल्या लोकांना चळवळ करावी लागली. इंग्लंडमधील कार्लाइल शहराच्या दफनभूमीत १९९३ साली नैसर्गिक दफनासाठी वेगळा भाग राखण्यात आला. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातील रॅम्सी क्रीक येथे १९९८ पासून, जंगल टिकावे याच हेतूने, अशी दफने होऊ लागली.

बुलढाणा जिल्ह्यात यातले फारसे काही नवे नाही. खेड्यात मयत झाली की बांबू, सुतळी आणि गाडगे आजही भावकीच आणते. मुस्लिम समाजात गुस्ल घरचे लोक घालतात आणि देह कफनात, बहुधा पेटीविनाच, कबरीत उतरवतात. पुरुषासाठी कफनाची तीन आणि बाईसाठी पाच कापडे असतात. वीरशैव लिंगायत देहाला बसलेल्या स्थितीत मातीत ठेवतात. दशनामी गोसावी आणि नाथपंथी समाधी देतात. महानुभाव पंथातही दफनाची परंपरा आहे. दहन करणाऱ्या हिंदू घरांत तान्हे मूल गेले तर त्याला पुरतातच. शेगावात १९१० साली गजानन महाराजांचा देहही समाधीतच ठेवला गेला. त्यामुळे एखाद्या दहन करणाऱ्या घरातील माणसाने दफनाची इच्छा धरली, तर ‘असे कुठे असते काय’ या आक्षेपाला उत्तर बहुधा त्याच गावात सापडते. खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत : निर्णय वेळेत न होणे, कागद, जागा आणि खड्डा.

आधी ठरवणे

अंत्यविधीबाबतची इच्छा मृत्युपत्रात लिहिण्याची चूक अनेक जण करतात. मृत्युपत्र उघडले जाते तोवर तेरावा उरकलेला असतो. शिवाय मृतदेह ही मालमत्ता नव्हे. त्याचे काय करावे हे मालमत्तेसारखे वारसांवर बंधनकारक करता येत नाही. म्हणून ही इच्छा वेगळ्या साध्या कागदावर लिहावी. दहन की दफन, कोठे, कोणते विधी हवेत आणि कोणते नकोत, खर्च कोणी करायचा, हे त्यात स्पष्ट असावे. त्यावर सही, तारीख आणि दोन साक्षीदार असावेत, आणि त्याच्या प्रती मुलगा-मुलगी, एखादा भाऊ आणि गावातील वजनदार माणूस यांच्याकडे द्याव्यात. मयतीच्या घरी शेवटचा शब्द बऱ्याचदा भावकीतल्या ज्येष्ठाचा असतो. त्याला आधी सांगितले नसेल तर कागदाचा उपयोग थोडाच.

विधी कोणी करावेत, याबाबत कायदा काही म्हणत नाही. पुरोहित, जंगम किंवा अन्य कोणी असलेच पाहिजे असे नाही आणि बाईने खांदा देण्यास किंवा पुढे होण्यासही मनाई नाही. महात्मा फुले यांच्या अंत्ययात्रेत १८९० सालीच सावित्रीबाईंनी हाती टिटवे धरले होते. पुरोहिताविना विधी करण्याची सत्यशोधकी वाट या जिल्ह्याला परकी नाही. १२ जानेवारी २००५ रोजी सिंदखेड राजा येथे शिवधर्माचे प्रकटन झाले ते याच विचाराच्या ओघात.

नेत्रदान करायचे असल्यास साधारण सहा तासांच्या आत ते व्हावे लागते आणि त्यानंतर दहन किंवा दफन नेहमीप्रमाणे करता येते. देहदानाचा मार्ग मात्र वेगळा. त्याला १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाचा आधार आहे, आणि शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालये सहसा घेत नाहीत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर २०२४ पासून बुलढाण्यातही असे महाविद्यालय सुरू झाले आहे. देह नाकारला गेला तर काय करायचे, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

पहिले काही तास

मृत्यूनंतर दोन-चार तासांत जबडा आणि मान ताठरू लागते. साधारण बारा तासांत सगळे शरीर ताठ होते. उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडते. म्हणून डोळे मिटणे, जबडा मऊ पट्टीने बांधणे, हातपाय सरळ करणे ही कामे नातेवाईक जमण्याची वाट न पाहता करावीत. लिंगायत किंवा गोसावी पद्धतीने बसवून दफन करायचे असेल तर देह ताठरण्याआधीच मांडी घालून टेकवावा; नंतर बळ लावण्याची वेळ येते आणि ते पाहणे घरच्यांना जड जाते.

अंघोळ कोमट पाण्याने, साध्या साबणाने घालावी. देह कुशीवर वळवताना पोटातील द्रव बाहेर येतो. खाली जुने सुती धडपे किंवा शोषक पॅड ठेवावे. हातमोजे घालावेत, विशेषतः क्षयरोग किंवा कावीळ असलेल्या माणसाच्या बाबतीत. क्षयरोग्याच्या नाका-तोंडावर कापड ठेवावे. एवढी काळजी घेतली तर सामान्य मृत्यूत देहापासून घरच्यांना धोका नसतो. हृदयात पेसमेकर असेल तर दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, कारण आगीत तो फुटतो. दफनात ती घाई नसते, तरी बॅटरी मातीत जाऊ नये हे बरे.

देह किती वेळ ठेवायचा हे ऋतूवर ठरते. डिसेंबरात घाटावर, बुलढाणा किंवा चिखलीत, रात्रभर देह घरात राहू शकतो. मे महिन्यात घाटाखाली, पारा चाळिशीच्या बराच वर असताना, बर्फाविना सहा-आठ तासही जास्त होतात. शीतपेटी मिळत नसेल तर बर्फाच्या लाद्या फोडून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, पोटावर, पाठीखाली आणि मांड्यांलगत ठेवाव्यात. पोटाला सर्वांत आधी गारवा हवा. कुजणे तिथूनच सुरू होते. पंखा देहावर नव्हे, खिडकीकडे तोंड करून लावावा. मुंबई-पुण्याहून लेक येईपर्यंत थांबायचे की नाही, हा वाद प्रत्येक गावात होतो. बर्फाची सोय झाली असेल तर तो वाद निम्मा मिटतो.

फॉर्मॅलिनसारखे रसायन टोचून देह टिकवणे विमानाने देह नेताना लागते. घरातून स्मशानापर्यंत जाण्यासाठी त्याची सक्ती नाही आणि साध्या दफनात ते चालतच नाही : ज्या जिवाणूंनी देहाची माती करायची, त्यांनाच ते मारते. पॉलिस्टरच्या शाली, जरीच्या साड्या, प्लॅस्टिकचे हार आणि थर्मोकोलही देहाबरोबर मातीत जाऊ देऊ नयेत. लोकांनी मानाने पांघरलेली शाल काढताना कोणी दुखावले जाऊ नये म्हणून घराच्या दारातच एका ज्येष्ठाने तसे सांगून ठेवावे. वसईच्या कॅथलिक समाजातही वार्निश मारलेल्या पेट्या आणि त्यातले कृत्रिम कापड वर्षानुवर्षे कुजत नाही, असा अनुभव आल्यावर काही ठिकाणी नुसत्या कापडात दफन सुरू झाले.

पोलिस आणि नोंद

घरात आजाराने किंवा वार्धक्याने मृत्यू झाला असेल आणि शेवटच्या आजारात एखादे डॉक्टर पाहत असतील तर त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, नमुना ४-अ, घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि ती मृत्यू जेथे झाला तेथे होते, राहत्या गावात नव्हे. मेहकरचा माणूस अकोल्याच्या रुग्णालयात गेला तर नोंद अकोल्याची, आणि ती रुग्णालय कळवते. घरी झालेल्या मृत्यूची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते. ती खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत द्यावी. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क. तीस दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, असे काम वाढत जाते. दफनाचा किंवा दहनाचा प्रकार बदलला म्हणून या नोंदीत काही फरक पडत नाही.

अपघात, आत्महत्या, विजेचा धक्का, वीज पडणे, सर्पदंश, विहिरीत पडणे किंवा कोणताही संशयास्पद मृत्यू असेल तर देहाला हात न लावता पोलिस पाटलांना आणि ठाण्याला कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा होतो आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन. शेतकरी कुटुंबांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. साप चावून किंवा वीज पडून माणूस गेला आणि घरच्यांनी ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून लगेच माती दिली, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतील दोन लाख रुपयांचा दावा कागदांअभावी अडतो. हळव्या क्षणी हे सुचत नाही. म्हणून ते आधीच माहीत असलेले बरे. शवविच्छेदनानंतरही देह घरी आणून साधे दफन करता येते, फक्त अंघोळीऐवजी पुसून घ्यावे आणि कापड दुहेरी वापरावे.

जागा

सर्वांत सोपी जागा म्हणजे ज्या समाजाची दफनभूमी आहे ती, आणि त्या समाजाची संमती. गावात दफनभूमी नसेल तर ग्रामपंचायत ठराव करून जमीन मागू शकते. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. शेड, कुंपण, रस्ता यांसाठी जनसुविधा योजनेचा निधी असतो. याला महिने-वर्षे लागतात, म्हणून हे काम गावाने कोणी आजारी नसताना करायचे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला सार्वजनिक स्मशान किंवा दफनभूमी इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ग्रामसभेत एकदा स्पष्ट वाचून दाखवावे.

स्वतःच्या शेतात दफन करणे अनेकांना जवळचे वाटते. बांधावर, विहिरीपाशी, आंब्याखाली वडिलांची समाधी असलेली शेते जिल्ह्यात जागोजाग आहेत. तरी रिवाज आणि परवानगी यांत अंतर आहे. फुल्यांचेच उदाहरण बोलके आहे. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली होती आणि पुण्यातील घरामागे खड्डाही तयार होता. नगरपालिकेने वस्तीत दफनाला परवानगी दिली नाही. दहन करावे लागले आणि अस्थी त्या आवारात ठेवल्या गेल्या. आजही नगरपरिषदेच्या हद्दीत ठरवलेल्या जागेबाहेर दफन करू नये. खेड्यातही प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. एकांच्या मते खासगी शेतात दफन करू द्यावे, दुसऱ्यांच्या मते नेमलेल्या दफनभूमीतच. शेवटी देह दुसऱ्या गावच्या दफनभूमीत ठेवण्याचा निर्देश झाला.

म्हणून शेतात दफन करायचे असेल तर ग्रामपंचायतीचे आणि तहसील कार्यालयाचे लेखी उत्तर आयुष्यातच मिळवून ठेवावे. सातबाऱ्यावरील प्रत्येक सहहिस्सेदाराची, बहिणींसह, लेखी संमती घ्यावी. जमीन उद्या विकली गेली तर नवा मालक नांगर घालणार, हे गृहीत धरून जागा निवडावी : वाटणीत न अडकणारा कोपरा आणि ज्याला वहिवाटीची वाट आहे असा. समाजाच्या किंवा गावाच्या वापरातील दफनभूमी सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग ‘ब’ मध्ये मोडते आणि तिच्यावर आकारणी होत नाही. एकाच घराच्या एखाद्या कबरीने तसे आपोआप होत नाही.

पाण्याचे अंतर हा मुद्दा भावनेपेक्षा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या अहवालात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, बोअर व झऱ्यापासून २५० मीटर, इतर नदी-नाल्यापासून ३० मीटर आणि शेतातील चरापासून १० मीटर अंतर सुचवले आहे. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत उंच पातळीपेक्षा किमान एक मीटर वर असावा. दोन-तीन एकराच्या शेतात हे २५० मीटर बहुधा बसतच नाहीत. विहिरीपाशी समाधीचा मोह तिथेच सोडावा.

माती आणि खड्डा

जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली जमीन निराळी आहे आणि खड्डाही निराळा होतो. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांत, माळावर माती थोडी. दोन-अडीच फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. येथे पहार आणि सब्बल घेऊन चार माणसांना अर्धा दिवस लागतो, कधी ब्रेकर आणावा लागतो. खडक लागला तर सुरुंग किंवा हट्ट करण्यापेक्षा जागा बदलावी. मुरमातून हवा आणि पाणी चांगले खेळते, त्यामुळे देह लवकर मातीत मिसळतो. मात्र तडकलेल्या खडकातून पाणी थेट विहिरीकडे जाते, म्हणून अंतराचा नियम इथे अधिक कडक पाळावा.

घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे खोल काळी माती आहे. ती खणायला हलकी, पण पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि खाली पाणी साचते. साचलेल्या पाण्यात हवा नसते. देह कुजण्याऐवजी त्यात मेणासारखा थर धरतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. उन्हाळ्यात याच मातीला हातभर खोल भेगा पडतात आणि त्यांतून दुर्गंधी वर येते, कुत्री-कोल्हे उकरतात. यावर उपाय : उंचवट्याची जागा, खड्डा गरजेपेक्षा खोल न करणे, भरताना काळ्या मातीत मुरूम आणि काडीकचरा मिसळणे, आणि वर दीड-दोन फुटांचा उंचवटा करणे.

आडव्या दफनासाठी साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साडेचार ते पाच फूट खोल खड्डा पुरतो. देहावर किमान एक मीटर माती हवी, त्याहून जास्तीची गरज नाही. सहा-सात फूट खोल गेले की हवा कमी आणि कुजणे मंद. बसवून दफन करायचे तर मात्र डोक्यावर तेवढी माती राहण्यासाठी सहा फुटांहून अधिक खोली लागते, आणि काळ्या जमिनीत अशा खड्ड्यात उतरण्याआधी कडांना फळ्यांचा आधार द्यावा. तळाशी कडुनिंबाचा पाला किंवा गवत अंथरावे, देह उतरवायला तीन मजबूत सुती पट्टे घ्यावेत. मीठ टाकण्याची काही ठिकाणी चाल आहे. पसाभर मिठाने काही होत नाही, पण पोत्याने ओतलेले मीठ कुजणे थांबवते आणि जमीन खारवते. खारपाणपट्ट्यात, जिथे पाणीच खारे, तिथे तर ते नकोच. वरून बोराटी दाबून तिच्यावर दगड ठेवण्याची जुनी रीत जनावरांवर सिमेंटइतकीच प्रभावी आहे आणि वर्षभरात बोराटी स्वतः माती होते.

पहिल्या पावसात कबर खचते. त्याला घाबरून लगेच ओटा बांधू नये. दसऱ्याच्या सुमारास माती पुन्हा भरावी. झाड लावायचे तर देहाच्या बरोबर वर नव्हे, दोन फूट बाजूला आणि मृगाच्या पावसानंतर. काळ्या मातीत कडुनिंब, हिवर. मुरमाड जागी पळस, आपटा, सीताफळ. खुणेसाठी एक दगड आणि ग्रामपंचायतीकडे दिलेला साधा नकाशा, कोपऱ्यापासूनची अंतरे मोजून, एवढे पुरेसे आहे.

दहनच करायचे असेल तर

दफन सगळ्यांना पटणार नाही, आणि पटवण्याचे कारणही नाही. लाकडावरील दहनाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड जाते. पावसात ओल्या बाभळीवर डिझेल आणि टायर टाकण्याची वेळ येते. याला पर्याय म्हणून गोवऱ्या वापरता येतात. नागपूरच्या घाटांवर शेतातील काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या विटांवरही दहन होते. जिल्ह्यात दरवर्षी पऱ्हाट्या आणि सोयाबीनचे कुटार धुऱ्यावर पेटवले जाते. एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने विटा दाबण्याचे यंत्र घेतले तर हा कचरा स्मशानात कामी येईल. चिता लोखंडी जाळीवर रचली की खालून हवा मिळते आणि लाकूड कमी लागते.

राख पैनगंगेत किंवा पूर्णेत न सोडता शेतात पसरण्याची पद्धत अनेक घरांनी स्वीकारली आहे. राख अल्कधर्मी असते आणि घाटाखालच्या जमिनी आधीच तशा. त्यामुळे ती सगळी एका रोपाच्या बुडाशी ओतू नये. शेणखतात मिसळून मोठ्या क्षेत्रावर, नांगरणीच्या आधी, पातळ पसरावी. अस्थींचे न जळालेले तुकडे वेगळे काढून दोन फूट खोल पुरावेत.